चेहरा तिचा, आवाज दुसरीचा

२००४ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात इटलीच्या एका दुर्लक्षित सिनेमाला मानाचं पान मिळालं. ज्या भयपटांना, खूनपटांना, पोलिसी मारधाडीच्या आणि चावट विनोदी चित्रपटांना तिथल्या जाणकारांनी कित्येक वर्षं दारात उभं केलं नव्हतं, त्यांचा खास विभाग भरवला गेला. क्वेंटिन टॅरँटिनो आणि जो दान्ते हे दोन अमेरिकी दिग्दर्शक त्याचे पाठीराखे होते. विभागाचं नाव होतं ‘इटालियन किंग्ज ऑफ द बीज’, म्हणजे बी-ग्रेडचे इटालियन राजे. राजे म्हणजे अर्थात दिग्दर्शक.

हे नाव मला तेव्हापासून सलतंय. या सिनेमांची जुनी पोस्टरं काढून बघा. त्यावर दिग्दर्शकाचं नाव बारीक अक्षरांत कुठेतरी कोपऱ्यात असतं. मोठी असते ती बाई. किंचाळणारी, पळणारी, अर्ध्या कपड्यांतली, कधी मेलेली. तिकिटं तिच्या चेहऱ्यावर विकली गेली. बदनामीही तिच्याच वाट्याला आली. मान द्यायची वेळ आली तेव्हा मात्र तो कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्यांना मिळाला.

हा सिनेमा पुन्हा पाहिला जावा, जपला जावा, त्यावर लिहिलं जावं, असं मला मनापासून वाटतं. पण त्यातल्या नट्यांना कलाकार आणि कामगार म्हणून मोजल्याशिवाय हा न्याय पुरा होत नाही. त्यांच्या देखणेपणाची आरती ओवाळणं म्हणजे मान देणं नव्हे. ‘बिचाऱ्या’ म्हणून हळहळणं म्हणजेही नव्हे.

आपल्याकडे इटालियन सिनेमा म्हटला की रोसेलिनी, डी सिका, फेलिनी, अंतोनिओनी ही नावं येतात. फिल्म सोसायट्यांनी आपल्याला हीच वाट दाखवली आणि ती चांगलीच होती. पण त्याच रोममध्ये, त्याच स्टुडिओंत, पुष्कळदा त्याच तंत्रज्ञांच्या हातून दुसरा एक सिनेमा ढिगाने तयार होत होता. एक चित्रपट चालला की त्याच्यासारखे वीस निघायचे. इटालियन लोक अशा लाटेला ‘फिलोने’ म्हणतात, म्हणजे खाणीतली धातूची शीर. शीर लागली की सगळे तिथेच खणणार आणि ती संपली की दुसरीकडे वळणार. आधी हर्क्युलिसछाप पिळदार वीर आले, मग पडक्या वाड्यांतले भयपट, मग वेस्टर्न. सत्तरच्या दशकात ‘जाल्लो’ आला. जाल्लो म्हणजे पिवळा. मोंदादोरी या प्रकाशनाने १९२९ पासून रहस्यकथा पिवळ्या मुखपृष्ठात काढल्या, त्यावरून खूनपटांना हे नाव पडलं. त्यापुढे पोलिसी पट, नरभक्षकांचे पट, झॉम्बी. प्रत्येक शिरेला बायका लागत होत्या, आणि त्या जगभरातून येत होत्या. ब्राझीलहून, ऑस्ट्रियाहून, अमेरिकेहून, इंग्लंडहून, इरिट्रियाहून.

या सगळ्याजणी एकमेकींशी कुठल्या भाषेत बोलत असतील? तर आपापल्या. त्या काळच्या इटलीत सेटवरचा आवाज पडद्यावर पोचतच नसे. इंग्रज नटी इंग्रजीत बोलायची, समोरचा इटालियनमध्ये उत्तर द्यायचा, आणि मागून दिग्दर्शकाच्या सूचना चालू असायच्या. पुढे रोमच्या डबिंग स्टुडिओत दुसरी माणसं उभी राहून ओठ जुळवत सगळं नव्याने बोलायची. परदेशासाठी इंग्रजी आवृत्ती करताना आणखी तिसरे आवाज. क्लाउदिया कार्दिनालेसारख्या पहिल्या फळीतल्या नटीचाही स्वतःचा आवाज प्रेक्षकांना ऐकू आला तो १९६३ च्या ‘एट अँड अ हाफ’मध्ये, कारण फेलिनीने तो राहू दिला. तोवर ती कित्येक चित्रपटांची नायिका होऊन गेली होती. तिची ही कथा, तर बी-ग्रेडवालींना कोण विचारतो!

बार्बरा स्टीलचं उदाहरण घेऊ. १९३७ साली इंग्लंडमध्ये जन्मलेली ही मुलगी दिग्दर्शक मारिओ बावाच्या ‘ला मास्केरा देल देमोनिओ’ (१९६०) या चित्रपटामुळे एका रात्रीत भयपटांची सम्राज्ञी झाली. त्याची सुरुवात ज्याने पाहिली तो ती विसरत नाही. चेटकीण ठरवलेली राजकन्या आसा खांबाला बांधलेली आहे. तिच्यासमोर एक पितळी मुखवटा धरला जातो. बावा आपल्याला मुखवट्याची आतली बाजू दाखवतो, तिथे अणकुचीदार खिळे आहेत. खिळे हळूहळू आपल्याच डोळ्यांकडे सरकतात. मग मुखवटा तिच्या तोंडावर बसतो आणि जल्लाद भला मोठा हातोडा उचलून एकच घाव घालतो. दोन शतकांनी तो मुखवटा निघतो तेव्हा खालच्या चेहऱ्यावर भोकं भोकं आहेत, आणि तरीही त्या चेहऱ्यावरून नजर हटत नाही.

समीक्षकांनी या प्रसंगाचं श्रेय बावाच्या छायाप्रकाशाला दिलं. ते योग्यच आहे, बावा मुळात छायालेखक होता. पण त्या प्रकाशात जर बार्बराचे ते मोठाले, एकाच वेळी घाबरवणारे आणि बोलावणारे डोळे नसते तर काय उरलं असतं? शिवाय त्या चित्रपटात तिच्या दोन भूमिका आहेत, चेटकीण आसा आणि तिच्या वंशातली निष्पाप कातिया. एकच चेहरा, पण मान वळवण्याच्या ढबीवरून कोण कुठली ते कळतं. याला अभिनय म्हणतात. आणि मुखवटा बसण्याआधी आसा जो शाप उच्चारते तो आवाज बार्बराचा नाही. इंग्रजी आवृत्तीतही नाही. ती इंग्रज असून इंग्रजीतही तिला दुसरीचा आवाज लावला गेला.

अशा नटीवर लोक शिक्का मारतात, ‘दिसायला बरी होती, अभिनयाचं विचारू नका.’ अहो, तुम्ही तिचा अर्धा अभिनय ऐकलाच नाहीत! तिच्या आवाजाचं काम करणारी दुसरी बाईही निनावीच राहिली, कारण तिचं नाव श्रेयनामावलीत घालायची रीतच नव्हती. एका भूमिकेमागे दोन बायकांची मेहनत आणि दोघींनाही पुरतं श्रेय नाही. बार्बरा पुढे अमेरिकेत गेली, दूरचित्रवाणीवर निर्माती झाली आणि ‘वॉर अँड रिमेम्ब्रन्स’ या मालिकेसाठी १९८९ साली तिला टीव्हीचं एमी पारितोषिक मिळालं. तरीही तिच्यावरच्या लेखात फोटो छापायचा तर शवपेटीतला.

दारिया निकोलोदीची गोष्ट मला जास्त लागते. १९५० साली फ्लोरेन्समध्ये जन्मलेली ही मुलगी संगीतकार आल्फ्रेदो कासेल्लाची नात. लुका रोंकोनीसारख्या नाट्यदिग्दर्शकाबरोबर आणि एलिओ पेत्रीच्या चित्रपटात काम करून मग ती दिग्दर्शक दारिओ आर्जेन्तोच्या ‘प्रोफोंदो रोस्सो’मध्ये (१९७५) आली. पियानोवादक नायकाबरोबर खुनाचा माग काढणाऱ्या पत्रकाराची तिची भूमिका आहे. ती बोलघेवडी आहे, हट्टी आहे. नायक बायकांच्या दुबळेपणाविषयी बोलायला लागतो तशी ती त्याला पंजा लढवायला बसवते आणि हरवते. तिच्या खटारा गाडीतली शेजारची सीट अशी खचलेली की नायक तिच्या खांद्याच्याही खाली बुडतो आणि तिच्याकडे मान वर करून बोलतो. जाल्लोमध्ये बाई सहसा मरायला येते. इथे ती हसायला, भांडायला, काम करायला आली.

हा चित्रपट परदेशी धाडताना सुमारे वीस मिनिटांनी कमी केला गेला. काय कापलं असेल? रक्ताला थोडी कात्री लागली, पण मुख्यतः कापले गेले ते संवाद, या दोघांची थट्टामस्करी, त्यांच्यातली चढाओढ. सुरा ठेवला आणि बाईचं बोलणं काढलं. परदेशातल्या प्रेक्षकांनी वर्षानुवर्षं हा छाटलेला चित्रपट पाहिला आणि निष्कर्ष काढला की इटालियन खूनपटांत बायकांना व्यक्तिमत्त्वच नसतं.

त्यानंतर ‘सुस्पिरिया’ (१९७७). आपल्या आजीने काळ्या जादूच्या शाळेची एक गोष्ट सांगितली होती आणि तिच्यातून ही कथा निघाली, असं दारिया सांगायची. पटकथेवर आर्जेन्तोबरोबर तिचं नाव आहे. प्रमुख भूमिका मात्र अमेरिकन जेसिका हार्परकडे गेली आणि कथेची सहलेखिका सुरुवातीला विमानतळावर ओझरती दिसते, तेवढीच. ‘इन्फेर्नो’च्या (१९८०) कथेतही आपला वाटा होता पण नाव लागलं नाही, हे तिने पुढे उघड सांगितलं. २०२० साली ती गेली. मृत्युलेखांत तिची पहिली ओळख होती आर्जेन्तोची जोडीदार आणि अभिनेत्री आसियाची आई. ‘सुस्पिरिया’ जगातल्या थोर भयपटांत गणला जातो. त्याच्या लेखिकेची ओळख नात्याने का करून द्यावी लागते?

आता एक आक्षेप. हा सिनेमा मुळातच बायकांचा द्वेष करणारा, त्यांना कापून, उघडं करून पैसे कमावणारा. अशा कामाला कसला मान? आक्षेप पोकळ नाही. यातले काही चित्रपट मला शेवटपर्यंत बघवले नाहीत आणि ते कुणी बघावेत असं मी म्हणणार नाही. पण मग हिशोब सगळ्यांना सारखा लावा. तोच प्रसंग दिग्दर्शकाच्या खात्यावर ‘शैली’ म्हणून जमा होतो आणि नटीच्या खात्यावर ‘अंगप्रदर्शन’ म्हणून. एका कामाचे हे दोन भाव मला मान्य नाहीत.

शिवाय कलात्मक सिनेमा सोवळा आणि बाजारू सिनेमा ओवळा, असं समजायचंही कारण नाही. १९७२ साली बर्नार्दो बर्तोलुच्चीने ‘लास्ट टँगो इन पॅरिस’ केला. मारिया श्नायडर तेव्हा १९ वर्षांची होती. त्यातल्या बलात्काराच्या प्रसंगातला एक तपशील तिच्यापासून मुद्दाम लपवला होता, तिची प्रतिक्रिया अभिनेत्रीची नको तर मुलीची हवी होती, हे बर्तोलुच्चीने पुढे स्वतःच कबूल केलं. मारियाने आयुष्यभर त्या अपमानाविषयी सांगितलं. हा चित्रपट जगातल्या नामांकित दिग्दर्शकाचा होता, समीक्षकांनी डोक्यावर घेतलेला.

त्याच वर्षी लुचिओ फुल्चीचा ‘नॉन सी सेवित्झिया उन पापेरिनो’ आला, सवंग म्हणून हिणवलेल्या सिनेमातला. दक्षिण इटलीतल्या एका गावात लहान मुलांचे खून होतात आणि संशय जातो माचिआरावर, गावाने चेटकीण ठरवलेल्या बाईवर. ही भूमिका ब्राझीलच्या फ्लोरिंदा बोल्कानची. पोलीस तिला निर्दोष म्हणून सोडतात. गावचे पुरुष तिला दफनभूमीत गाठतात आणि साखळ्यांनी मारतात. गाडीतला रेडिओ चालू आहे. मारता मारता ऑर्नेल्ला वानोनीचं एक हळवं प्रेमगीत लागतं. पुरुष निघून जातात. फ्लोरिंदा फाटलेल्या अंगाने चढण सरपटत वर येते. वर नवा कोरा महामार्ग आहे, सुटीला निघालेल्या कुटुंबांच्या गाड्या जातायत. ती हात पुढे करते. गाड्यांतली माणसं बघतात आणि पुढे जातात. ती रस्त्याच्या कडेला मरते.

आपल्याकडे आजही डाकीण ठरवून बायका मारल्या जातात. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला तो उगाच नव्हे. म्हणून हा प्रसंग बघताना मला इटली परकी वाटली नाही. फ्लोरिंदाला त्यात जेमतेम संवाद आहेत. जे काही आहे ते तिच्या अंगात, जमिनीत रुतणाऱ्या नखांत आणि शेवटी शेवटी विझत जाणाऱ्या नजरेत आहे. हीच फ्लोरिंदा पुढच्या वर्षी डी सिकाच्या ‘उना ब्रेवे वाकान्झा’मध्ये क्षयाने आजारी कामगार बाई झाली आणि त्यासाठी लॉस एंजेलिसच्या समीक्षकांनी १९७५ ची सर्वोत्कृष्ट अभिनेत्री म्हणून तिला निवडलं. नटी तीच, ताकद तीच. एका कामाला पारितोषिक मिळालं आणि दुसऱ्याला नाक मुरडलं गेलं, एवढाच काय तो फरक.

आणि रंगाचं काय? १९७४ च्या फ्रेंच ‘इमॅन्युएल’ने गल्ला भरला, तशी इटलीत १९७५ साली ‘एमान्युएल्ले नेरा’ निघाली. खटला नको म्हणून नावातला एक एम गाळला आणि ‘नेरा’ म्हणजे काळी हा शब्द जोडला. ही ‘काळी’ बाई कोण? लाउरा गेम्सर, इंडोनेशियात जन्मलेली आणि नेदरलँड्समध्ये वाढलेली. गोरी नाही ना, मग काळीच, असा सरळ बाजारी हिशोब. गंमत म्हणून नाही, दखल म्हणून सांगते की या मालिकेतली तिची व्यक्तिरेखा वृत्तछायाचित्रकाराची आहे. गळ्यात कॅमेरा, स्वतःची नोकरी, स्वतःच्या पैशांनी देशोदेशी फिरणारी बाई त्या काळच्या कुठल्या प्रतिष्ठित सिनेमात सापडते? लाउराने या उथळ चित्रपटांत जो शांत, कुणाला न दबणारा आब आणला तो पटकथेत नसावा, असं मला तिला बघताना नेहमी वाटतं. पुढे तिने चित्रपटांच्या वेशभूषेचं काम केलं.

इरिट्रिया १८९० पासून १९४१ पर्यंत इटलीची वसाहत होती. तिथे जन्मलेल्या झेउदी आरायाला १९७२ साली पडद्यावर आणताना चित्रपटाचं नाव ठेवलं ‘ला रागात्झा दाल्ला पेल्ले दी लूना’, चांदण्याच्या कातडीची मुलगी. नावातच कातडी! साम्राज्य गेलं पण बघायची नजर गेली नव्हती. झेउदीही पुढे निर्माती झाली.

इथे आपला एक माणूस आठवतो. जानेवारी १९७६ मध्ये इटलीच्या सरकारी दूरचित्रवाणीवर ‘सांदोकान’ सुरू झाली आणि मुंबईचा कबीर बेदी तिथे देवासारखा पुजला गेला. आशियातला पुरुष आला तेव्हा इटलीने त्याला तलवार दिली, घोडा दिला, साम्राज्यशाहीशी लढायला लावलं. त्याच सुमाराला आशियात जन्मलेल्या बाईला काय दिलं ते वर आलंच. कबीरच्या यशाचा मला आनंद आहे. पण ही दोन चित्रं शेजारी ठेवली की वाईट वाटतं.

या सगळ्याजणी फसवल्या गेलेल्या होत्या असं मी म्हणत नाही. एद्विज फेनेक अल्जीरियात जन्मली, वडील माल्टाचे, आई सिसिलीची. सेर्जिओ मार्तिनोच्या खूनपटांत आणि नंतर त्या चावट विनोदपटांत ती इटलीची सगळ्यात मोठी तारका झाली. तिला आपली किंमत ठाऊक होती. ती स्वतः निर्माती झाली. अल पचिनोच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’च्या (२००४) निर्मात्यांत तिचं नाव आहे. २०२३ मध्ये पुपी आवातीच्या चित्रपटातून ती पडद्यावर परतली. टॅरँटिनोने तिच्या प्रेमापोटी ‘इनग्लोरियस बास्टर्ड्स’मध्ये एका पात्राला तिचं नाव दिलं. ते पात्र ब्रिटिश सेनापती आहे, एड फेनेक. आदर असा दाखवण्यापेक्षा तिला एक चांगली भूमिका दिली असती तर किती बरं झालं असतं.

पण सगळ्याच एद्विज नव्हत्या. खाजगी वाहिन्या आल्या आणि इटलीतली थिएटरं ओस पडली. १९७५ साली वर्षाला सुमारे ५१ कोटी तिकिटं खपत होती, दहा वर्षांत ती १२ कोटींच्या आसपास आली. दिग्दर्शक टीव्हीकडे वळले. चाळिशीच्या नट्यांना वळायला जागाच नव्हती. लाउरा आन्तोनेल्ली ‘मालित्झिया’मुळे (१९७३) घरोघरी पोचली होती, नामवंत दिग्दर्शक व्हिस्कोंतीच्या शेवटच्या चित्रपटाची ती नायिका. १९९१ साली तिच्या घरी अमली पदार्थ सापडले, खटला उभा राहिला, शिक्षा झाली आणि अपिलात निर्दोष सुटायला २००० साल उजाडलं. त्याच काळात चेहऱ्यावरच्या सौंदर्योपचाराने तिचा चेहरा बिघडला. ज्या चेहऱ्याने इतक्यांचे खिसे भरले तो गेला आणि माणसंही गेली. गरजू नामवंतांना निर्वाहवेतन देणारा ‘बाक्केल्ली कायदा’ इटलीत १९८५ पासून आहे. २०१० साली तिचा जुना सहकलाकार लिनो बान्फीने तिच्यासाठी जाहीर आवाहन केलं. तिचं म्हणणं मात्र एवढंच होतं की आता मला विसरून जा. २०१५ मध्ये रोमजवळच्या लादिस्पोलीत ती वारली.

म्हणून माझं मागणं आरत्यांचं नाही, कागदावरचं आहे. आज हे चित्रपट स्वच्छ करून, चकचकीत खोक्यांत घालून महागात विकले जातात. मुखपृष्ठावर अजूनही तिचाच चेहरा आहे. मग त्या विक्रीत तिचा किंवा तिच्या वारसांचा वाटा का नसावा? पुनर्मुद्रित प्रतीच्या शेवटी एक पाटी घालायला कितीसा खर्च येतो, की ही भूमिका हिची आणि हा आवाज हिचा? डबिंग करणाऱ्या अनेकजणी आज हयात नाहीत. ज्यांची नावं माहीत असलेली माणसं शिल्लक आहेत त्यांना आत्ताच विचारून घ्यायला हवं. महोत्सवांनी दिग्दर्शकांचे विभाग भरवले तसे नट्यांचे भरवावेत, आणि त्या हयात असतील तर त्यांना व्यासपीठावर बोलावून ‘तो प्रसंग करताना लाज वाटली का’ हा प्रश्न सोडून कामाविषयी विचारावं. काम कसं केलंत, प्रकाश कसा पकडलात, भाषा येत नसताना समोरच्याच्या वाक्यावर प्रतिक्रिया कशी दिलीत. हे विचारलंच गेलेलं नाही.

‘प्रोफोंदो रोस्सो’त एक युक्ती आहे, ती सांगते. ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडावा. नायक खुनाच्या जागी धावत जातो, भिंतीवर चेहऱ्यांची चित्रं लावलेल्या बोळातून जातो आणि पूर्ण चित्रपटभर त्याला वाटत राहतं की तिथलं एक चित्र नंतर नाहीसं झालं. चित्र नव्हतंच ते. आरसा होता आणि त्यात बाईचा जिवंत चेहरा दिसत होता. ती खुनी बाई म्हणजे मित्राची म्हातारी आई, काम सोडावं लागलेली जुनी नटी. भूमिका क्लारा कालामाईची, १९४३ च्या व्हिस्कोंतीच्या ‘ओस्सेस्सिओने’ची नायिका. घरच्या भिंतीवर जुने फोटो दाखवते ते तिचे स्वतःचे, तरुणपणचे.

‘प्रोफोंदो रोस्सो’ आता पूर्ण लांबीत मिळतो. मी तो इंग्रजीत बघत होते. दारिया आणि नायकाच्या भूमिकेतला डेव्हिड हेमिंग्ज बोलता बोलता अचानक दोघांचे आवाज बदलले, भाषा इटालियन झाली, खाली सबटायटल्स आली. मला वाटलं डिस्क बिघडली. थोड्या वेळाने पुन्हा इंग्रजी, मग पुन्हा इटालियन. मग उमगलं. कापलेल्या भागांचा इंग्रजी आवाज उपलब्ध नाही, म्हणून ते मूळ भाषेत जोडलेत. त्यानंतर मी सबटायटल्स वाचायचं सोडून नुसती मोजत बसले, भाषा कुठे कुठे बदलते ते. बहुतेक प्रत्येक ठिकाणी दारिया होती.